रीलला पदर नसतो

"आक्का, बेळगावच्या वडगावात माझे दोन पॉवरलूम आहेत. वय ३१. लग्नाआधी तालमीत जायचो. करंट गेला की मोबाईलवर कुस्त्या बघायचो, तिथून सुरुवात झाली. आता रात्री दोन-अडीचपर्यंत काय वाट्टेल ते बघतो. बायको विचारते, 'एवढ्या रात्री काय बघायलाय ओ?' मी सांगतो, व्यापाऱ्याचे मेसेज. गेल्या आठवड्यात माग चालू असताना मोबाईलात डोकं होतं, ताण्याचा धागा तुटलेला कळला नाही. साडीवर लांब रेघ पडली, मजुरी कापली. तीनदा शपथ घेतली, एकदा यल्लम्माची. तिन्ही मोडल्या. सोमवारपासून बटणांचा फोन घ्यावा म्हणतो. मोबाईल लांब ठेवला तर गजराचं काय, तेही आहे. हा आजार आहे का?"

अरे, आधी सौंदत्तीच्या आईला यातून मोकळं कर. चौथी शपथ नको. शपथ मोडली की माणूस स्वतःवर चिडतो, आणि चिडला की जीव रमवायला पुन्हा तोच मोबाईल उघडतो.

बटणांचा फोनही नको. तुझी डिझाईनं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पैसे मोबाईलवर येतात. बुधवारपर्यंत 'धंद्यासाठी' म्हणून जुना फोन कपाटातून बाहेर येईल. माझ्या घरात हे झालंय.

आजाराचं म्हणशील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत गेम खेळण्याच्या व्यसनाला जागा आहे, व्हिडिओ बघण्याला वेगळं नाव नाही. म्हणून तुझा त्रास खोटा होत नाही. बंगळूरच्या निमहान्स या मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात मोबाईल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी २०१४ पासून 'शट' नावाचं क्लिनिक आहे. ते काही तुझ्या एकट्यासाठी काढलेलं नाही.

तू विणकर आहेस, तुला लगेच कळेल. साडी संपत आली की पदर येतो. रीलला पदर नाही. बोट सरकवत राहिलं की खालून नवं येतच राहतं, ही रचना २००६ साली अझा रास्किन नावाच्या माणसानं काढली, आणि पुढं त्याला स्वतःलाच तिचा पस्तावा झाला. त्यात मटक्याची चटक. नऊ व्हिडिओ भिकार निघाले तरी दहावा चांगला निघेल, ही आशा सुटत नाही. आकड्यापायी लोकांनी घरं घालवली, तू झोप घालवायलास. तेव्हा पदर बाहेरून जोडावा लागणार.

आधी रात्र धर. दहा वाजले की फोन मागाच्या शेडमध्ये चार्जिंगला लाव आणि कडी घालून ये. गजराचं निमित्त मला सांगू नकोस, खडेबाजारात घड्याळं मिळतात. पहिले काही दिवस झोप येणार नाही, हात उशाखाली चाचपडेल, सकाळी बायकोवर उगाच खेकसशील. खेकसण्याआधी तिला खरं काय ते सांगून ठेव. व्यापारी रात्री दोन वाजता मेसेज करत नाही, हे तिला कधीचं ठाऊक असणार.

दिवसाचं काम सोपं आहे. रीलचं अ‍ॅप काढून टाक. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन आजवर बघितलेल्याची हिस्ट्री पूस आणि बंद कर. मग उघडल्यावर पहिलं पान बहुतेक रिकामंच दिसेल, कुस्ती बघायची तर नाव टाकून शोधावी लागेल. तेवढ्या खटपटीत निम्मी हौस फिटते. माग चालू असताना फोन खिशात नको, खुंटीवरच्या पिशवीत.

आणि करंट गेल्यावर? तुझ्या अंगाला माती लागून किती वर्षं झाली रे? दुसऱ्यांच्या कुस्त्या बघत बसण्यापेक्षा तालमीकडं जाऊन ये. लंगोट लावच असं नाही, पोरांना दोन डाव सांग. करंट परत आला की बोलवायला कुणीतरी येईलच.

एखाद्या रात्री फोन घरात आलाच, तर दुसऱ्या रात्री परत शेडमध्ये. हिशेब पहिल्यापासून मांडत बसू नकोस. महिना झाला तरी झोप नाही, किंवा मन सारखं उदास राहायला लागलं, तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीला फोन कर. दिवसरात्र चालू असतं, फुकट आहे, कन्नडसारखंच मराठीतही बोलता येतं.

घड्याळ आणलंस की कळव. आणि टिकटिक करणारं घेऊ नकोस, नाहीतर त्या आवाजानं झोप येत नाही म्हणून फोन पुन्हा उशाशी येईल.