फ्री रॅडिकल इतके वाईट, तर पांढऱ्या पेशी ते मुद्दाम का आणि कसे तयार करतात?

तुमचा प्रश्न असा, की जाहिरातींत शत्रू ठरवलेले हे फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेले आणि चटकन दुसऱ्याशी भिडणारे रेणू, आपल्याच पेशी कशासाठी बनवतात. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. याचं उत्तर मी काचपट्टीवर पाहिलंय.

न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतूला गिळते, तेव्हा तो तिच्या आत पातळ पडद्याच्या एका पिशवीत कोंडला जातो. त्या पडद्यावर एनएडीपीएच ऑक्सिडेझ हे एन्झाइम कामाला लागतं. एरवी त्याचे भाग विखुरलेले असतात, दोन पडद्यात आणि बाकीचे पेशीद्रवात. जंतू आत आला की ते एकत्र जुळतात, एनएडीपीएच या पेशीतल्या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि पडद्यापलीकडे पिशवीतल्या ऑक्सिजनला देतात. एक जादा इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन म्हणजे सुपरऑक्साइड. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. मग मायलोपेरॉक्सिडेझ हे दुसरं एन्झाइम त्याची क्लोराइडशी गाठ घालून हायपोक्लोरस आम्ल बनवतं. ब्लीचिंग पावडर पाण्यात टाकल्यावर जे जंतू मारतं, तेच हे. मायलोपेरॉक्सिडेझचा रंग मुळातच हिरवा असतो, पुवाला हिरवट झाक येते ती त्यामुळेच.

जंतू गिळताना या पेशी खूप ऑक्सिजन ओढतात, हे 1933 मध्येच कुत्र्याच्या पेशींवर दिसलं होतं. तेव्हा वाटलं, गिळायला ताकद लागत असेल. पण सायनाइडने पेशीचं श्वसन बंद केलं तरी हा ऑक्सिजन खर्च होतच राहतो, म्हणजे तो ऊर्जेसाठी नव्हताच. तो सुपरऑक्साइडसाठी जातो, हे 1973 मध्ये बर्नार्ड बॅबियर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

नायट्रोजन असलेले असेच जंतू मारणारे रेणू वेगळ्या वाटेने येतात आणि सावकाश. इंटरफेरॉन गॅमा या प्रथिनासारखा इशारा मिळाला की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या दुसऱ्या पेशी, आयनॉस (iNOS) हे एन्झाइम नव्याने घडवतात, त्याला काही तास लागतात. ते आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड काढतं. त्याला सुपरऑक्साइड भेटलं की पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं, ते फार जहाल. उंदरांत ही वाट जोरदार चालते, माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये ती बरीच मंद असते.

आता काचपट्टी. एनबीटी हा फिकट पिवळा रंग रक्तात मिसळून पेशींना चेतवलं, की सुपरऑक्साइड करणाऱ्या न्यूट्रोफिलमध्ये गडद निळे कण जमतात. काही मुलांच्या पेशी मात्र कोऱ्याच राहतात. त्यांना सीजीडी (क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज) हा जन्मजात आजार असतो, त्यात हे सुपरऑक्साइड बनतच नाही. जंतू गिळले जातात, पण मरत नाहीत. वारंवार गळवं, फुप्फुसात बुरशी, कधी बीसीजी टोचल्यावर डाव्या काखेत न बसणारी गाठ. अशा मुलाला नुसतं 'अशक्त आहे' म्हणून सोडू नका, तपासून घ्या. आता बहुतेक ठिकाणी एनबीटीऐवजी डीएचआर चाचणी करतात, तिच्यात चमकणारा रंग वापरून यंत्राने हेच तपासतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी) या संस्थेत अशा आजारांवर काम चालतं.

हे रेणू पिशवीबाहेर सांडले तर आपल्याच ऊतींना इजा होते, हे खरंच आहे. म्हणून तर पेशी स्वतःच्या बचावासाठी या रेणूंना निकामी करणारे कॅटालेझ आणि ग्लुटाथायोन बाळगून असते.

सीजीडी बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रातून येतो, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो. आईकडे दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू असतो, म्हणून अशा मुलाच्या आईची पट्टी पाहिली की काही पेशी निळ्या आणि त्यांच्या शेजारी काही अगदी कोऱ्या दिसतात. मुलगा अँटिबायोटिकवर असतो, आई सहसा ठणठणीत. त्या निळ्या पेशी तिला पुरतात.