सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी), ईएमडीआर अशा मानसोपचाराच्या सगळ्याच पद्धतींवर टीका वाचली. मग इंदूरमध्ये थेरपिस्ट निवडायचा तरी कसा?

टीका नेमकी कशावर आहे ते आधी बघा. ईएमडीआरचंच घ्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ च्या सुमारास सुरू केलेली पद्धत; यात त्रासदायक आठवण मनात ठेवून डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातानंतरच्या त्रासासाठी ती सुचवली. वाद आहे तो डोळे असे फिरवण्याची खरंच गरज आहे का, यावर. म्हणजे गुण येतो, पण कशाने येतो यावर भांडण. मात्र तीच पद्धत कुणी 'सगळ्यावर चालते' म्हणून विकत असेल तर उठून या.

मी राजवाड्याजवळ एकांकडे गेलो होतो. भिंतीवर सात प्रमाणपत्रं, सगळी दोन-दोन दिवसांच्या कोर्सची! पाटीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणून आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारला (तो हवाच), तर त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या बाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "सहा बैठकींत काहीच फरक वाटला नाही तर आपण रस्ता बदलू." तिथे टिकलो. आणि हो, मराठी येतं का तेही विचारा. एरवी दिवसभर हिंदी बोलतो, पण आईवरचा राग मला हिंदीत काढताच येईना.