बॅक्टेरियांना केमिकल बनवता येतं, मग फॅक्टऱ्या अजून तेलावरच का?

प्रश्न: बॅक्टेरियात बाहेरचे जीन्स घालून साखरेपासून प्लास्टिकचा, धाग्याचा कच्चा माल बनवतात असं वाचलं. हे खरंच होतं की लॅबमधली नुसती गंमत? आणि जमत असेल तर सगळे अजून पेट्रोलियमच्या मागे का?

उत्तर: होतं, आणि टनावारी होतं. १,३-प्रोपेनडायॉल घ्या, कार्पेटचा धागा ज्यापासून होतो ते. ड्युपाँट आणि जेनेनकॉर या कंपन्यांच्या लोकांनी ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या, लॅबच्या लाडक्या बॅक्टेरियामध्ये ग्लुकोजचं ग्लिसरॉल करायला यीस्टचे जीन्स घातले, त्याच्या पुढच्या पायरीला क्लेबसिएला नावाच्या बॅक्टेरियाचे, आणि शेवटच्या पायरीला ई. कोलायचंच एक एन्झाइम कामाला आलं जे आधीपासून तिथेच होतं. २००६ मध्ये टेनेसीतल्या लाउडनला टेट अँड लाइल या साखर कंपनीबरोबर मक्याच्या ग्लुकोजवर प्लांटही सुरू झाला. १,४-ब्युटेनडायॉल (हाही प्लास्टिक-धाग्याचा कच्चा माल) तर निसर्गात कुठलाच जीव बनवत नाही असं मानतात, तरी जिनोमॅटिका कंपनीने २०११ मध्ये ते ई. कोलायकडून करून दाखवलं आणि २०१६ ला इटलीत वर्षाला ३०,००० टनांचा प्लांट उभा राहिला.

म्हणजे जीन्स बसवणं हा आता रडायचा विषय राहिला नाही, रडारड पुढे आहे. साखरेच्या वजनात निम्म्याहून जास्त ऑक्सिजन असतो आणि तेलात जवळजवळ नसतोच, त्यामुळे ज्या मालात ऑक्सिजन नको तो साखरेपासून करायला गेलात की वजन उडून जातं. साधं इथेनॉल बघा, १८० ग्रॅम ग्लुकोजमधून अगदी परफेक्ट झालं तरी ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणून माझं मत असं की ज्या रेणूत ऑक्सिजन हवाच आहे, डायॉल, ॲसिड वगैरे, तिथेच बॅक्टेरियाला खरा चान्स आहे, बाकी ठिकाणी तेलाशी भांडण महाग पडतं.

दुसरं पाणी. फर्मेंटरमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या टाकीत, लिटरमागे १०० ग्रॅम माल झाला तर लोक खूश होतात, पण बाकी बहुतेक पाणीच, आणि प्रोपेनडायॉल उकळतं २१४ अंशांना, म्हणजे आधी ते सगळं पाणी उडवा आणि मग माल हातात, वीज-वाफेचं बिल तिथेच फुगतं. ब्युटेनॉलची गत तर आणखी वाईट, दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ते बनवणारं क्लॉस्ट्रिडियमच (हाही एक बॅक्टेरिया) मरायला लागतं.

आणि कामचोर बॅक्टेरिया! हे लॅबच्या फ्लास्कमध्ये दिसत नाही. माल बनवण्यात पेशीची ताकद जाते, त्यामुळे एखाद्या पेशीत तो जीन बिघडला की ती बाकीच्यांपेक्षा भराभर वाढते. छोट्या फ्लास्कपासून लाखभर लिटरच्या टाकीपर्यंत पोचेस्तोवर कितीतरी पिढ्या होतात, आणि शेवटी टाकी भरलेली असते पण काम करणारे कमी, फुकटे जास्त. म्हणून जीन्स प्लाझमिडवर, म्हणजे पेशीतल्या सुट्या, सहज हरवणाऱ्या डीएनएच्या कड्यावर, न ठेवता मुख्य डीएनएत, क्रोमोसोममध्येच बसवतात, आणि आधी नुसतं वाढू देऊन नंतर उत्पादन चालू करतात.

यावर तेलाचा भाव. बायोअँबरने कॅनडात सार्नियाला सक्सिनिक ॲसिडचा प्लांट २०१५ मध्ये सुरू केला (तिथे यीस्ट होतं, पण गणित तेच), तोवर २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल निम्म्यावर आलं होतं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत.

प्रश्न: हे बॅक्टेरिया बाहेर सुटले तर? आणि साखरेऐवजी कचरा चालणार नाही का?

उत्तर: सुटल्याची भीती मला फारशी वाटत नाही. बऱ्याचदा वापरतात ती ई. कोलायची के-१२ जात १९२२ पासून लॅबमध्येच लाडात वाढलेली, त्यात उत्पादनाचं ओझं, बाहेरच्या रांगड्या बॅक्टेरियांपुढे ती टिकणं अवघड. तरी टाकीतला द्रव उष्णतेने मारूनच बाहेर सोडायचा, यात तडजोड नको.

कचरा चालतो, पण नखरे फार. काडीकचऱ्यातून ग्लुकोजबरोबर झायलोज ही दुसरी साखर येते, ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवतं आणि मग झायलोजकडे वळतं, शिवाय काडी फोडताना फरफ्युरलसारखं विष तयार होतं ते वेगळंच. मला जास्त आवडतो तो लान्झाटेक कंपनीचा रस्ता: स्टील प्लांटच्या धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड खाणारं क्लॉस्ट्रिडियम, २०१८ पासून चीनमध्ये त्यातून इथेनॉल निघतंय, आणि जीन्स बदलून तोच बॅक्टेरिया ॲसिटोन आणि आयसोप्रोपेनॉलही करतो हे २०२२ मध्ये दाखवलंय. तिथे साखरच नाही, त्यामुळे साखरेच्या भावाची कटकटही नाही, फक्त वायू पाण्यात नीट विरघळवत बसावं लागतं.