काच अर्ध्यावर अडकते? मोटर मागवू नका, अजून तरी

तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हरकडची काच निम्मी वर येते, मग दम लागल्यासारखी थांबते आणि उरलेली दोन्ही तळव्यांत धरून ओढावी लागते, पावसाळ्यात तर जास्तच. मेकॅनिक म्हणतोय मोटर गेली, बाहेरून मागवायची तर निम्मे पैसे आधी द्या. १९९४ची माझदा एमएक्स-फाइव्ह, म्हणजे कापडी टपाची छोटी दोन सीटची गाडी, अंधेरीत, उघड्यावर उभी. वाचून आधी हसू आलं, मग पोटात कालवलं. माझी १९९२ची आहे, लाल, विलायतेहून परतलेल्या एका कुटुंबाकडून घेतलेली. पार्ल्यात सोसायटीच्या आवारात जांभळाखाली उभी असते. हाच खेळ मी २०१८च्या जूनमध्ये सुरू केला आणि तो आवरायला दोन पावसाळे गेले.

आधीच सांगून ठेवतो, मी मेकॅनिक नाही. नोकरी विम्याचे दावे तपासण्यात गेली. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही एवढंच मला येतं, आणि नेमकं तेच मी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत विसरलो. त्यामुळे खालचं सगळं माझ्या एका गाडीवरून आहे. तुमच्या गाडीत वेगळं निघालं तर मला शिव्या घालू नका.

फ्यूज तुम्ही बघितलाच असेल, बॅटरी धड आहे असंही धरतो. काच एकदम तिरकी होऊन आत पडत नाही किंवा दारातून तारा तुटल्यासारखा करकर आवाज येत नाही, म्हणजे मशीनची (दारातली काच वरखाली करणारी यंत्रणा) केबल अजून शाबूत असावी. या गाडीत काच केबलवर चालते. त्या केबलच्या टोकांना प्लॅस्टिकच्या बारीक बुशा असतात, त्या तीस वर्षांत भुगा होतात. तसं झालं तर काच खडखडते आणि वरखाली होताना झटका देते. तुमचं वर्णन तसं वाटत नाही. दम लागून थांबणारी काच म्हणजे एकतर मोटरला पुरेसा करंट मिळत नाही, नाहीतर काच बीडिंगमध्ये, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीत, आवळली गेली आहे. बऱ्याचदा दोन्ही थोडं थोडं.

आता मूळ मुद्दा. तुमच्या मेकॅनिकला एक प्रश्न विचारा: सप्लाय मोजला तेव्हा मोटरचा कपलर (वायरी मोटरला जोडणारा प्लग) लावलेला होता की काढलेला?

माझ्या वेळी काढलेला होता. उपनगरातलं एक बऱ्यापैकी नावाजलेलं वर्कशॉप, आत एसीची वेटिंग रूम, भिंतीवर रेसिंगचे फोटो. नाव लिहिणार नाही, विचारूही नका. त्यांच्या वायरिंगवाल्याने कपलर काढला, मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले. 'सप्लाय ओके, मोटर डेड.' मी मान डोलावली.

सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला यातली गंमत लगेच कळेल. नळ बंद असताना पाइपात पाण्याचा जोर भरपूर असतो, उघडला की करंगळीएवढी धार. पाइप आतून गंजलाय की नाही हे बंद नळाकडे बघून कळत नाही. तसंच वायरीचं. करंट वाहतच नसेल तर सडक्या वायरीच्या टोकालाही पुरे बारा व्होल्ट दिसणार. मोजायचं ते कपलर जागेवर ठेवून, मागच्या बाजूने मीटरची टोकं दोन्ही वायरींना टेकवून, इंजिन चालू ठेवून, स्विच दाबून आणि काच हलत असताना. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला बॅटरीवरचा आकडा बघायला सांगायचं. बॅटरीवर चौदाच्या आसपास आणि मोटरपाशी साडेबारा-तेरा असेल तर वायरिंग निर्दोष, मग मोटर किंवा बीडिंग. माझ्या मोटरपाशी ८.६ निघाले. पण ते दीड वर्षानंतर, लॅमिंग्टन रोडवरून साडेचारशे रुपयांचा मल्टिमीटर आणला तेव्हा.

तोवर मी मोटर मागवून बसलो होतो. आपल्याकडे कंपनीने या गाड्या कधी विकल्याच नाहीत, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर 'माझदा' म्हटलं की दुकानदार स्वराज माझदाच्या टेम्पोचा क्लच काढून समोर ठेवतो. ऑपेरा हाउसला एकाने प्रेमाने सांगितलं, 'साहेब, मारुतीची बसवून टाका.' तो तसा मूर्ख नव्हता हे नंतर कळलं, पण तो विषय वेगळा. मोटर परदेशातून आली. कुरिअर आणि ड्यूटी धरून एकोणीस हजारांच्या आसपास गेले, पाच आठवडे गेले. बसवली. काच सरसर वर गेली. मी खूश होऊन वायरिंगवाल्याच्या हातात दोनशे रुपये ठेवले. नव्या मोटरमध्ये ताकद जास्त, त्यामुळे अपुऱ्या करंटवरही ती काही दिवस ढकलून नेते. गणपतीपर्यंत काच पुन्हा दमायला लागली.

पण मला खरा भुर्दंड मोटरचा पडला नाही. एकोणीस हजार मी विसरलोही असतो.

मोटर बसवायला त्यांनी दाराचा पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढला. पॅडच्या मागे, दाराच्या पत्र्याला चिकटवलेला एक प्लॅस्टिकचा कागद असतो, कडेला काळा चिकट लगदा. पोरगा तो ओरबाडून काढत होता. फाटला. चुरगळून ऑइलच्या डब्याशेजारी टाकला. मी तिथेच उभा होतो, चहा पीत. विचारलं, 'हा परत लावायचा नाही का?' तर म्हणाला, 'काका, हा धुळीसाठी असतो. नसला तरी चालतो.' आणि मी गप्प बसलो. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक कुठली विचाराल तर ती ही, चहाचा कप हातात धरून गप्प बसणं.

तो कागद धुळीसाठी नसतो. दार कोरडं असतं हा आपला गैरसमज आहे. काचेवर पडलेलं पाणी बाहेरच्या पट्टीतून थोडं थोडं दाराच्या आत जातंच, प्रत्येक गाडीत, नव्यासुद्धा. ते आतून ओघळून दाराच्या तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडावं अशीच रचना असते. मधल्या वाटेत मशीनवरून, वायरीवरून उडालेलं पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून तो कागद. त्याची खालची कड दाराच्या आत खोचलेली असते, म्हणजे कागदावरून ओघळलेलंही पुन्हा दारातच पडतं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस होतो. त्या कागदाशिवाय उघड्यावर गाडी उभी करणं म्हणजे छत्री घरी ठेवून रेनकोटची बटणं मोजणं.

पुढच्या जूनमध्ये पायाखालचा गालिचा पचपचायला लागला. कापडी टप असलेल्या गाडीत पाणी आलं की माणूस आधी टपाकडेच बघतो. मीही बघितलं. टपवाल्याला गाठलं, त्याने शिवणीवर काहीतरी फासलं, पैसे घेतले. मग कुठेतरी वाचलं की सीटच्या मागे टपाच्या पाण्याच्या नळ्या असतात त्या तुंबतात. खरंच तुंबल्या होत्या, जांभळाचा पाला आणि बिया. (हे तुम्हीही साफ करा, कुठलंही झाड असलं तरी. बारीक लवचीक नळी घालून, तारेने भोसकू नका.) तरी पाणी यायचंच. शेवटी एका रविवारी मी आत बसलो आणि वॉचमनला सांगितलं, फक्त काचेवर पाइप मार. दोन मिनिटांत दाराच्या पॅडच्या खालच्या कडेतून पाण्याची बारीक रांग उतरली, थेट गालिच्याच्या खाली. वर हात लावाल तर कोरडं.

गालिचा उचलला तेव्हाचं दृश्य सांगत नाही. डेंटरने स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो पत्र्यातून आरपार गेला. फ्लोअरचा तुकडा कापून नवा पत्रा जोडला. दाराचा पॅड पुठ्ठ्याचाच असतो, तो फुगून करंजीसारखा झाला होता, क्लिपा धरत नव्हत्या. स्पीकरचा कागद कुजलेला. हे सगळं मिळून मोटरच्या तिप्पट गेलं. वर्कशॉपला फोन केला तर मॅनेजर म्हणाले, 'सर, तुमच्या जॉब कार्डवर फक्त विंडो मोटर आहे, वॉटर लीकेज नाही.' तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी मला गाडी विकायला सुचवलं. तेवीस वर्षं मी लोकांना 'हे पॉलिसीत बसत नाही' असं सांगत आलो, त्याची परतफेड झाली म्हणायची.

आणि मूळ दुखणं? स्विच. या गाडीत काचांचे स्विच मधल्या कन्सोलवर असतात, उघड्या टपाखाली, चहा, घाम, समुद्राची हवा सगळं झेलत. मोटरला वायरी दोनच, काच वर किंवा खाली नेताना त्यांची दिशा उलटते. ती उलटापालट स्विचमध्येच होते, म्हणजे मोटरकडे जाणारा आणि अर्थला परत येणारा, दोन्ही करंट त्याच स्विचच्या पॉइंटांतून जातात. पॉइंट काळे पडले की नुकसान दोन्हीकडे. मी स्विच काढला, हलक्या हाताने उघडला (आतल्या स्प्रिंगा उडतात, ताटात धरून उघडा), बारीक पॉलिश पेपर फिरवला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. ८.६चे ११.८ झाले. खर्च दीडशे रुपये आणि एक शोधत बसलेली स्प्रिंग.

उरलेला जोर बीडिंगमध्ये अडकला होता. आधीच्या मालकाने काळी फिल्म लावली होती. २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने फिल्मवर बंदी आणल्यावर कुणीतरी ती खरवडून काढली, पण कडेला गोंद तसाच. तो गोंद रबराला धरून बसायचा. तुमच्याही काचेच्या कडा नखाने चाचपून बघा. गोंद काढला, बीडिंग ओल्या कापडाने पुसून सिलिकॉन स्प्रे मारला, मशीनच्या पट्टीवर पांढरं लिथियम ग्रीस. साधं ग्रीस किंवा ऑइल रबराला लावू नका, फुगतं. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे, कोणी काहीही म्हणो. दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरी जातात, तीही मागे सारून बघा, आत एखादी तुटायला आलेली असू शकते. काही लोक मोटरला थेट बॅटरीतून करंट देणारे रिले बसवतात. मी बसवले नाहीत. बसवलेल्यांची तक्रार ऐकली नाही, पण आधी स्विच साफ करून बघा, जुन्या गाडीत एक वायर वाढवली की पुढच्या माणसाचा एक रविवार जातो. साध्या मॉडेलमध्ये हाताने फिरवायच्या काचा येत. ते हँडल मिळालं तर बसवून मोकळं व्हावं असं माझं प्रामाणिक मत आहे, पण घरात ते कुणाला पटत नाही.

पॅड उघडाल तेव्हा काच वरच्या बाजूला टेप आणि लाकडी पाचरीने पक्की करा. मशीन सुटलं की काच खाली येते आणि बोटं मध्ये असतात. कागद शाबूत असेल तर उन्हात दार तापू द्या किंवा हेअर ड्रायर फिरवा, लगदा मऊ होतो आणि कागद अख्खा निघतो. फाटलेलाच असेल तर क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला जाड प्लॅस्टिक मीटरवर मिळतं, जुन्याच्या मापाने कापा. चिकटवायला ब्यूटाइल टेप. फेविकॉल नको, फोमची दुहेरी टेप नको, एका पावसात सुटते. खालची कड आत खोचा, हे मी मुद्दाम दुसऱ्यांदा लिहितोय. आणि दाराच्या तळाची भोकं दातकोरण्याने मोकळी करा.

एक अवांतर, पण या शहरात अवांतर नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला, तेव्हा काचा आणि लॉक बंद पडून लोक गाडीत अडकले, काही गेले. काच दमते आहे हे माहीत असताना पावसात सबवेत गाडी घालू नका, आणि छोटा हातोडा हाताशी ठेवा. डिकीत ठेवून उपयोग नाही. आपल्याकडे टप कापडी आहे, चाकूही चालेल, तरी.

तर आगाऊ रक्कम आज देऊ नका. मीटर घ्या, कपलर लावून मोजा, बॅटरीवरचा आणि मोटरपाशी काच हलत असतानाचा, असे दोन्ही आकडे इथे लिहा. मोटर खरंच गेली असेल तर बाहेर ऑर्डर देण्याआधी मला सांगा. माझी जुनी, 'डेड' ठरवलेली मोटर कपाटात पडून आहे. परवाच बॅटरीला लावून बघितली, ठणठणीत फिरते. पार्ल्याला येऊन घेऊन जा. फक्त दार उघडाल तेव्हा मला बोलवा, कागद मी धरतो.