कोणता तारा सुपरनोव्हा होणार हे कसं ओळखतात? मृग नक्षत्रातला तांबडा तारा काक्षी आपल्या हयातीत फुटेल का?

भाऊ, फुटायच्या आधी कुणी ओळखत नाही. फुटल्यावर जुने फोटो काढतात आणि त्या जागी आधी कोण होतं ते शोधतात. तोरणमाळला दर हिवाळ्यात "काक्षी तांबडा आहे, म्हणजे फुटायला आला" असं छातीठोक सांगणारे भेटतातच, म्हणून लिहितोय.

एम १०१ दीर्घिका घ्या. मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास ती खान्देशातून उत्तरेला ५७ अंशांवर असते. मे २०२३ मध्ये तिच्यात फुटलेला तारा आठ इंची दुर्बिणीतून दिसत होता. हबल अवकाश दुर्बिणीने ती जागा आधीच टिपलेली होती. नवा आणि जुना फोटो आजूबाजूच्या ताऱ्यांवरून एकावर एक बसवायचा. घोळ होतो तो इथेच. हबलच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.०५ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), सव्वादोन कोटी प्रकाशवर्षांवर तेवढ्यात पाच प्रकाशवर्षं मावतात. सूर्य आणि त्याचा शेजारी मित्र (अल्फा सेंटॉरी) दोन्ही त्या एका ठिपक्यात! मग सापडलेला ठिपका एक तारा, की जोडी, की अख्खा गुच्छ?

तारा एकटाच निघाला तरी धूळ आडवी येते. रंगावरून तापमान, तेजावरून वस्तुमान काढायचं, पण २०२३ मध्ये फुटलेला हा तांबडा महाराक्षस, म्हणजे अवाढव्य फुगलेला तारा, स्वतःच ओकलेल्या धुळीत गुंडाळलेला होता. धूळ किती धरायची यावर त्याचं वस्तुमान कुणी ९ सूर्यांचं काढलं, कुणी २० चं. पक्का पुरावा एकच: झगमगाट विझल्यावर काही वर्षांनी पुन्हा फोटो काढायचा. तारा तिथे नसला तर तोच गेला. २००३ जीडी या सुपरनोव्हाच्या ताऱ्याचं असंच नक्की झालं.

वर्णपटात हायड्रोजन नसेल आणि सिलिकॉनची ठळक रेघ असेल, तर फुटला तो श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, मंद गाभा. तो जुन्या फोटोत सापडेल ही आशा सोडा. याच एम १०१ मधल्या २०११ एफई या अशा सुपरनोव्हाच्या जागी हबलला काहीच दिसलं नाही.

आता तांबडेपणाचं. १९८७ए या सुपरनोव्हाचा तारा निळा महाराक्षस होता! जळगावहून ती जागा जेमतेम क्षितिजाला टेकते, म्हणून आपल्याकडे कुणाच्या लक्षात राहिली नसेल. रंगावरच पैज लावायची तर मृगातल्याच निळ्या राजन्य ताऱ्यावरही लावा.

काक्षी २०१९-२० मध्ये मंदावला तोही मुख्यतः धुळीने. त्याच्या गाभ्यात अजून हेलियम जळतंय असं बहुतेकांचं गणित, म्हणजे हजारो वर्षं हाताशी आहेत. अर्थात, त्याचं अंतरच ५०० ते ७०० प्रकाशवर्षं असं डळमळीत आहे, त्यामुळे वस्तुमानही तसंच.