सेकंडहँड गाडीला आगीच्या धोक्याचा रिकॉल आहे म्हणतात, पण गाडी छान चालते. तरी शोरूमला न्यावी का?

हो, न्या, आणि याच आठवड्यात न्या. कंपनीचं पत्र आलं नाही आणि शोरूमवाले बिल काढतील अशी भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. रिकॉल म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं. त्या कामाला ना पार्टचे पैसे लागतात, ना मजुरीचे. गाडीचे तुम्ही तिसरे मालक असलात तरी.

माझं सांगलीत माधवनगर रोडला गॅरेज आहे. पत्र का येत नाही ते मी रोज बघतो. कंपनीकडे पत्ता आणि मोबाईल असतो पहिल्या मालकाचा. गाडी विकली गेली की निरोप त्याच्याकडेच राहतो. मागच्या पावसाळ्यात तासगावकडचे एक बागायतदार काका आले. म्हणाले, "सकाळी गाडी काढताना पेट्रोलचा जरा वास येतो, बाकी काही नाही." बॉनेट उघडून पेट्रोलच्या पाइपला खालून बोट लावलं, तर ओलं. क्लिपला घासून पाइप झिजला होता. इंजिन तापलं की गळलेलं पेट्रोल उडून जायचं, म्हणून डाग कधी दिसलाच नाही. चेसिस नंबर टाकून पाहिलं, तर त्याच पाइपचा रिकॉल. निरोप गेला होता कराडच्या पहिल्या मालकाला. काकांची दोन नातवंडं रोज त्या गाडीतून शाळेत जात होती.

"छान चालते" यावर विसंबू नका. अशा दोषात पिकअप कमी होत नाही, ॲव्हरेजही फारसं पडत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये मारुतीने 40,618 वॅगनआर तपासणीसाठी परत बोलावल्या, त्या पेट्रोलचा पाइप धातूच्या क्लॅम्पला घासू शकतो म्हणूनच. 2023 मध्ये अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांनी मिळून तीस लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या. तिथे एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, भागात आतल्या आत ब्रेक ऑइल गळून शॉर्टसर्किट होण्याचा धोका होता, अगदी इंजिन बंद असतानाही. गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा, असं मालकांना सांगितलं होतं.

तुम्हीही काम होईपर्यंत तेच करा. घराखालच्या पार्किंगमध्ये नको, कडब्याच्या गंजीजवळ तर नकोच.

आरसी बुकावर 17 अंक-अक्षरांचा चेसिस नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका, नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगा. पार्ट आलाय का तेही फोनवरच विचारा, म्हणजे हेलपाटा वाचेल. काम झाल्यावर जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर, रिकॉलची नोंद करून घ्या.

एक मात्र आहे. आधीच्या मालकाने बाहेरून जादा लाइट, हॉर्न जोडले असतील, तर ते वायरिंग रिकॉलमध्ये कोणी बघणार नाही. ते जाणत्या इलेक्ट्रिशियनला वेगळं दाखवा. रिले आणि फ्यूज न टाकता थेट बॅटरीवरून ओढलेल्या वायरी मी दर महिन्याला काढतो.

चालत्या गाडीत धूर दिसला तर इंजिन बंद करून सगळे आधी बाहेर पडा. बॉनेट उघडू नका, हवा मिळाली की जाळ उसळतो. लांब उभं राहून 112 ला फोन लावा.