एसटीएसचा अर्ज करायचाय? सूचना लागायच्या आधी हे उरक

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप (एसटीएस) एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांसाठी आहे आणि संशोधनाला मिळतात जेमतेम दोन महिने. त्यामुळे मार्गदर्शक आत्ताच गाठ. एका मार्गदर्शकाला एका वर्षी एकच विद्यार्थी घेता येतो, म्हणून वेळ देणारे सर-मॅडम लवकर ठरून जातात.

विषय ओपीडीत रोज दिसणारा घे. दुर्मिळ आजाराचे दोन महिन्यांत पाच रुग्णही मिळतील याची खात्री नसते.

सॅम्पल साइझ, म्हणजे अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे तो आकडा, अंदाजाने ठोकू नकोस, परीक्षक तिथेच पकडतात. आधीच्या अभ्यासात आजाराचं प्रमाण ३० टक्के असेल आणि अधिक-उणे १० टक्के फरक चालणार असेल, तर ४ × ३० × ७० ÷ (१० × १०) = ८४. नकार देणारे १० टक्के धरलेस की ९४. तोच फरक ५ टक्के धरलास तर आकडा थेट ३३६ वर जातो. एकट्याला ते झेपत नाही.

खरी गाडी अडते संशोधनाला मंजुरी देणाऱ्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीपाशी. बैठक रोज होत नाही, तेव्हा पुढची तारीख आणि किती प्रती लागतात ते ऑफिसात जाऊन विचार. मंजुरीआधी एकाही रुग्णाचा फॉर्म भरू नकोस, तो डेटा बाद समज. संमतीपत्र मराठीतही हवं, आणि 'नकार दिला तरी माझ्या उपचारात फरक पडणार नाही' हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. सहीला जागा असते, अंगठ्याची आणि साक्षीदाराची मात्र हमखास राहून जाते.